9.9 चं आउटबोर्ड आणि जड होडी: वजन काढावं, पंखा बदलावा की इंजिनच मोठं घ्यावं?

चौदा-सोळा फुटी, सपाट बुडाची फायबर होडी, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन. एकटा माणूस असला तर होडी कशीबशी पाण्यावर उठते, म्हणजे पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरत धावते. दुसरा बसला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर जाते, मागची बाजू खाली बसते, इंजिन पूर्ण ताकदीने ओरडतं आणि वेग ताशी 12 किलोमीटरच्या पुढे सरकत नाही. अशा वेळी तीन सल्ले मिळतात: वजन काढा, पंखा बदला, पंधराचं इंजिन घ्या. तिन्ही बरोबर असतात, पण एकाच होडीला तिन्ही लागू पडत नाहीत. निवड दोन आकड्यांवर ठरते: पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला फेरे किती आणि दर हॉर्सपॉवरमागे वजन किती.

आधी मोजा

प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. त्यात प्लग दर फेऱ्याला उडतो की दोन फेऱ्यांत एकदा, हे सेटिंग नीट लावा. ते चुकलं तर आकडा निम्मा किंवा दुप्पट दिसतो. लहान फोर-स्ट्रोक आउटबोर्डपैकी बऱ्याच इंजिनांत तो दर फेऱ्याला उडतो. नेहमीची माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या. वेग फोनच्या जीपीएसवर बघा, पण खाडीत प्रवाहाच्या दोन्ही दिशांनी धाव घेऊन सरासरी काढा. नाहीतर ओहोटीचा वेग तुम्ही पंख्याच्या खात्यात जमा कराल.

लहान फोर-स्ट्रोक इंजिनांना साधारण 5000 ते 6000 फेरे हवे असतात. बऱ्याच टू-स्ट्रोकना 4500 ते 5500. आपल्या इंजिनाची मर्यादा पुस्तिकेत असते, तीच धरा.

आता वजन. होडी 120 किलो, इंजिन 40, पेट्रोलची भरलेली 25 लिटरची टाकी 22, दोन माणसं 140, नांगर, दोर, बॅटरी वगैरे 28. एकूण 350 किलो. 9.9 ने भागलं तर दर हॉर्सपॉवरला 35 किलो. हलकी, सपाट बुडाची होडी पाण्यावर उठायला ढोबळमानाने 20 ते 25 किलो चालतात, आणि 30 च्या पुढे आशा सोडावी. हीच होडी एकट्याने चालवली तर आकडा 28 येतो, म्हणून ती कशीबशी उठते.

होडी मुळातच जड असेल, म्हणजे जाळी आणि मासळी वाहणारी, गोल बुडाची, तर हिशोब वेगळा. पाण्यावर न उठणाऱ्या होडीचा वेग पाण्यातल्या लांबीवर अडतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणा, नॉट मिळतात. 16 फुटांना सुमारे 5.4 नॉट, म्हणजे ताशी 10 किलोमीटर. तिथे जास्त ताकद लावली तर मुख्यतः लाट मोठी होते आणि पेट्रोल जळतं.

फुकटातले उपाय

इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण फिरवा आणि कव्हर काढून कार्ब्युरेटरचा पडदा पूर्ण उघडतो का ते बघा. केबल ढिली असेल तर पूर्ण थ्रॉटल कधी मिळालेलंच नसतं.

मग उंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा फार तर 25 मिलिमीटर खाली असावी. जास्त खाली असली तर पाणी अडवते आणि फवारे उडतात. जास्त वर असली तर वळणावर पंखा हवा ओढतो आणि फेरे एकदम वाढतात. इंजिन जिला टांगतात त्या मागच्या फळीची उंची 15 इंच आणि इंजिनाचा शाफ्ट 20 इंची, असंही आढळतं. तिथे पंखा बदलणं व्यर्थ आहे, आधी फळी उंच करा.

कोन बदलायची पिन ब्रॅकेटच्या भोकांत असते. चालत्या होडीत ती पट्टी पाण्याला समांतर राहील असं भोक निवडा. इंजिन फार आत झुकलं तर नाळ पाण्यात घुसते, फार बाहेर झुकलं तर होडी उड्या मारते.

वजन पुढे नेण्याचा फायदा लोक कमी लेखतात. टाकी आणि नांगर पुढे न्या, नळी लांब लागली तरी चालेल. हँडलला 60-90 सेंटीमीटरचा जोड लावला की चालवणाराही मधल्या फळीवर येतो. मात्र इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी तेवढीच लांब घ्या आणि अंगाला बांधलेली ठेवा. जोड लावल्यावर ही दोरी सोडून देणारे पुष्कळ दिसतात, आणि माणूस पाण्यात पडल्यावर मोकळी होडी त्याच्याभोवती गोल फिरत राहते.

बुडाला शेवाळ आणि शिंपले असतील तर बाकी सगळं मोजमाप खोटं ठरतं. बूड खरवडल्यावर मागच्या एक मीटरवर सरळ पट्टी धरा. मागे तीन-चार मिलिमीटरचा खोलगटपणा असेल तर नाळ खाली दाबली जाते, फुगवटा असेल तर होडी उड्या मारते. दोन्ही दुरुस्त होतात.

पंखा: कमी पैशात सर्वांत मोठा फरक

पंख्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 9¼ × 9. पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे न घसरता पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते अंतर, दोन्ही इंचांत. पिच एक इंच कमी केला की फेरे साधारण 200 ने वाढतात. दोन माणसांसह 4600 फेरे मिळत असतील तर 9 चा पंखा काढून 7 चा लावा, इंजिन 5000 च्या घरात येईल. फेरे कमी असताना इंजिन दाबून चालवलं तर कार्बन साचतो, इंजिन तापतं आणि पेट्रोलही जास्त लागतं.

उलट बाजूही आहे. तोच पंखा एकट्याने, हलक्या होडीत चालवला तर फेरे मर्यादेबाहेर जातील. जुन्या टू-स्ट्रोकला फेरे रोखणारी यंत्रणा नसते, तिथे हात आखडता ठेवावा लागतो. म्हणून दोन पंखे बाळगणं हा आमच्या मते सर्वांत शहाणा खर्च आहे: एक भाराचा, एक एकट्याचा.

पंखा किती घसरतो हे काढता येतं. 5500 फेरे, गिअर 2.08 (म्हणजे इंजिनाच्या 2.08 फेऱ्यांत पंख्याचा एक), पिच 9 इंच: हिशोबाने ताशी 36 किलोमीटर. जीपीएसवर 28 आले तर घसरण 22 टक्के, उठलेल्या हलक्या होडीसाठी ठीक. 20 आले तर पंख्याची पाती वाकलेली आहेत, पंखा हवा ओढतोय किंवा पंख्याला दांड्याशी जोडणारा मधला रबरी बुश फिरतोय. आतल्या दांड्यावरून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. धावेनंतर रेघ तुटलेली दिसली तर बुश गेला.

जड होडीला मोठा व्यास, कमी पिच हवा. व्यास किती वाढवता येईल हे गिअरकेसवरची, म्हणजे पंखा आणि वरची पट्टी यांमधली, जागा ठरवते. म्हणूनच मोठा पंखा हळू फिरवणारी, 2.9 च्या आसपास गिअर असलेली जास्त जोराची 9.9 इंजिनं मिळतात, आणि मासेमारीच्या होडीला पंधरापेक्षा ती जास्त शोभतात. चार पात्यांचा पंखा वळणावर पकड ठेवतो, वरचा वेग थोडा घटतो.

उंचीवर इंजिनाला हवा कमी मिळते. कोयनेचा शिवसागर जलाशय, जिथे तापोळा आहे, भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून 659 मीटरवर असतं. दर 300 मीटरला साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे तापोळ्याच्या होडीला मालवणच्या होडीपेक्षा एक इंच कमी पिच लागू शकतो.

पट्टीवर बसवायचे प्लास्टिकचे पंख मागची बाजू उचलतात आणि होडी लवकर उठवतात. पण त्यांना भोकं पाडावी लागतात आणि वेगात ते पाणी अडवतात. दर हॉर्सपॉवरला 28 किलो असलेल्या होडीला उपयोगी, 35 असलेल्या होडीला नाही.

पंधराचं इंजिन

उठलेल्या होडीचा वेग ताकदीच्या वर्गमूळाने वाढतो. ताकद दीडपट केली तर वेग सुमारे 22 टक्क्यांनी वाढेल. वजन दहा टक्के कमी केलं तर पाच टक्के, तेही फुकट. पण उठतच नसलेल्या होडीला हे गणित लागू नाही. वरच्या उदाहरणात इंजिन दहा किलोने जड धरूनही पंधरावर आकडा 24 येतो, म्हणजे जी होडी उठत नव्हती ती उठते. फरक 12 आणि 30 किलोमीटरचा असू शकतो. लाखांचा खर्च इथेच समर्थनीय आहे.

घेण्याआधी होडीच्या पाटीवरची कमाल हॉर्सपॉवर बघा आणि मागची फळी ठोकून बघा. आवाज बोदा आला तर आतलं लाकूड कुजलंय. होडीच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील असेल तर तोही बदलून घ्या.

म्हणून दर हॉर्सपॉवरला 25 किलोच्या आत असाल तर फक्त उंची, कोन आणि पंखा. 25 ते 30 असेल तर सामान कमी करा, भाराचा पंखा लावा, गरज पडली तर प्लास्टिकचे पंख. 30 च्या वर आणि नेहमी दोघं-तिघं असाल तर पंधरा. गोल बुडाची जड होडी असेल तर कमी पिचचा पंखा लावा, आणि 10 किलोमीटरला समाधान माना.

पेट्रोलकडेही बघा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डना 10 टक्क्यांपर्यंतचंच चालतं. इथेनॉल खाडीच्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या नळ्या मऊ करतं. पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवा आणि हंगाम संपताना कार्ब्युरेटर रिकामा करा. काढलेला जुना पंखा, पिन आणि पाना होडीतच ठेवा. पंखा खडकावर आपटला की हेच घरी आणतात.