प्रेस क्लबची नवी कार्यक्रमपत्रिका : कोणत्या कार्यक्रमाला जावे, कोणता सोडावा

एप्रिल ते जून या तिमाहीची जी कार्यक्रमपत्रिका आमच्या प्रेस क्लबने सभासदांना पाठवली आहे, तिच्यात मागील तिमाहीपेक्षा कार्यक्रम अधिक आहेत आणि साहित्याचा वाटाही वाढलेला आहे. पुस्तक प्रकाशने, लेखकाशी वार्तालाप, रिपोर्ताजची (बातमीतून उभ्या राहणाऱ्या दीर्घ लेखनाची) कार्यशाळा, भाषांतरावरील चर्चा, वृत्तछायाचित्रांचे प्रदर्शन, सभासदांच्या कुटुंबीयांचा स्नेहमेळावा, आरोग्य तपासणी आणि ३ मे रोजी जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनाचा कार्यक्रम, असा तिचा पसारा आहे. मी या क्लबचा सहयोगी सभासद असून येथील कार्यक्रमांना बरीच वर्षे नियमाने जात आलो आहे. त्यामुळे पत्रिका हाती आली की वक्त्याच्या नावाआधी मी एकच गोष्ट शोधतो : शेवटी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे का, आणि असल्यास किती. सभागृह कोणत्याही संस्थेला मिळते आणि नामवंत वक्ते तर सगळीकडेच जातात. पत्रकारांच्या क्लबाकडे इतरांपाशी नसलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे प्रश्न विचारणे हाच ज्याचा धंदा आहे असा श्रोता. त्याला बोलू न देता घरी पाठवायचे असेल, तर तो कार्यक्रम प्रेस क्लबात घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

हा निकष माझ्या लहरीतून आलेला नाही. टोकियोच्या परदेशी पत्रकारांच्या क्लबात २२ ऑक्टोबर १९७४ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान काकुएइ तानाका भाषणासाठी आले होते. त्यांच्या आर्थिक व्यवहारांवर ताचिबाना ताकाशी यांनी एका मासिकात लिहिलेला दीर्घ लेख नुकताच प्रसिद्ध झाला होता, पण तेथील बड्या दैनिकांनी तो विषय उचलला नव्हता. क्लबातील पत्रकारांनी त्याच विषयावर प्रश्न विचारले, त्यानंतर दैनिकांना गप्प बसता येईना, आणि डिसेंबरमध्ये तानाका पायउतार झाले. त्या दिवशीचे भाषण आज कोणाला आठवत नसेल, प्रश्न मात्र इतिहासात नोंदले गेले.

प्रश्न घेण्याची पद्धत कोणती, हीही किरकोळ बाब नाही. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब १९०८ मध्ये स्थापन झाला. तेथे दुपारच्या भोजनासोबत होणाऱ्या व्याख्यानांत श्रोते प्रश्न लिहून देतात आणि सूत्रसंचालक ते वाचून दाखवतो. या पद्धतीत वेळ वाचतो, प्रश्नाच्या नावाखाली होणारी लांबलचक भाषणे टळतात आणि एखाद्या बुजऱ्या माणसाचा नेमका प्रश्नही वक्त्यापर्यंत पोहोचतो. मात्र प्रश्न निवडण्याचा सगळा अधिकार एका माणसाच्या हाती जातो. याच क्लबाने १९५५ पासून महिला बातमीदारांना व्याख्यानांच्या वार्तांकनासाठी आत येऊ दिले, पण ते सज्जात बसून. खाली पुरुष सहकाऱ्यांची भोजने चालू असत आणि वरच्या महिलांना प्रश्न विचारण्याची मुभा नसे. त्यांना सभासदत्व मिळायला १९७१ साल उजाडले. कार्यक्रमाला कोण आले याच्याइतकेच कोणाला विचारू दिले हेही मोजायचे असते, ते यासाठी.

या दृष्टीने नव्या पत्रिकेतील सर्वांत आश्वासक नोंद लेखकाशी होणाऱ्या वार्तालापाची आहे. लेखकाचे निवेदन अर्धा तास आणि प्रश्नोत्तरे पाऊण तास, अशी वेळेची वाटणी त्यात छापून दिली आहे, आणि निम्मे प्रश्न चिठ्ठ्यांवरून व निम्मे थेट माइकवरून घेतले जातील असेही स्पष्ट म्हटले आहे. आजवर येथे केवळ चिठ्ठ्या चालत. स्वयंसेवक रांगांमधून फिरून त्या गोळा करी, सूत्रसंचालक त्या हातात पिसल्यासारख्या करून दोन-तीन वरच्या वर काढी, आणि नेमक्या त्याच ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली’ या जातीच्या निघत. मागील एका वार्तालापात कार्यक्रम संपल्यावर टेबलावर राहिलेल्या चिठ्ठ्या मी चाळून पाहिल्या होत्या. एकीवर पुस्तकातील एका प्रकरणाचा पृष्ठांक देऊन, त्या घटनेच्या वेळी लेखक स्वतः तेथे हजर होता की हे ऐकीव आहे, असा सरळ प्रश्न होता. दिवसभर मंत्र्यांच्या आणि आयुक्तांच्या पत्रकार परिषदांत असाच प्रश्न विचारणाऱ्या बातमीदाराने तो लिहिलेला असणार. संध्याकाळी साहित्यिकापुढे तो प्रश्न उद्धट का ठरावा, हे मला उमगलेले नाही. निम्मा वेळ माइकला देण्याचा निर्णय म्हणूनच स्वागतार्ह आहे. फक्त माइक घेऊन रांगांत फिरणारा स्वयंसेवक जरा खमक्या असावा, अन्यथा पहिलाच प्रश्नकर्ता स्वतःच्या आगामी पुस्तकाची माहिती देऊ लागतो.

पुस्तक प्रकाशनांविषयी मात्र चांगले लिहिणे कठीण आहे. पत्रिकेतील एका प्रकाशन समारंभात व्यासपीठावर अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती आणि प्रकाशक अशी पाच नावे असून लेखकाचे नाव सहावे आहे. कार्यक्रम सुरू होण्याची वेळ संध्याकाळी ६ ची दिली आहे, संपण्याची दिलेलीच नाही. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार या क्रमाने पुढे सरकणाऱ्या अशा समारंभात प्रश्नांना जागा मिळत नाही, आणि खरे पाहता ती मिळून उपयोगही नसतो. पुस्तक व्यासपीठावरच कागदातून बाहेर येत असल्यामुळे सभागृहातल्या कोणीही ते वाचलेले नसते; बोलणाऱ्यांपैकी एक-दोघांनीही प्रस्तावनेपलीकडे मजल मारलेली नसते. मग पुस्तकाविषयी बोलायचे कसे? सगळे लेखकाच्या स्वभावाविषयी बोलतात.

यावरचा उपाय क्लबाने स्वतःच याच पत्रिकेत एका ठिकाणी केलेला आहे, पण त्याची कोठेही वाच्यता नाही. न्यायालयीन वार्तांकनावरील एका पुस्तकाचे प्रकाशन एप्रिलमध्ये असून त्याच पुस्तकावरील चर्चा जूनमध्ये ठेवली आहे. मधल्या काळात पुस्तकाच्या काही प्रती क्लबाच्या ग्रंथालयात वाचायला मिळतील, अशी एका ओळीची सूचना तळाशी दिलेली आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रिकेतील ही सर्वांत शहाणपणाची ओळ आहे. प्रकाशन हा आनंदसोहळा आहे, तो मित्रमंडळींनी हौसेने करावा. पण क्लबाच्या नावाने व्हायचे असेल तर दुसरा, वाचून आलेल्यांचा कार्यक्रम व्हायला हवा. एप्रिलच्या समारंभाला गेला नाहीत तरी काही बिघडत नाही. जूनची चर्चा चुकवू नका, आणि पुस्तक आधी वाचून जा.

रिपोर्ताजच्या कार्यशाळेची आखणी विचारपूर्वक झालेली दिसते. प्रत्येकाने स्वतःची एक छापून आलेली बातमी आणि त्या बातमीच्या वेळची टिपणे घेऊन यायची आहेत, आणि वहीत असूनही बातमीत न आलेल्या मजकुरातून दीर्घ लेख कसा उभा राहतो, यावर प्रत्यक्ष काम होणार आहे. बातमीदाराच्या वहीत काय काय पडून असते हे त्या व्यवसायातल्यांना सांगायला नको : कोणी काय म्हणाले याच्या शेजारी तो ते म्हणताना कोणाकडे पाहत होता हेही लिहिलेले असते, पण तीनशे शब्दांच्या बातमीत त्याला जागा नसते. स्वेतलाना अलेक्सिएविच या पत्रकार-लेखिकेला २०१५ चे साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा असे लेखन साहित्यात मोडते का, या जुन्या वादाला निदान एक भक्कम उत्तर मिळाले. मराठी वाचकाला तर हा वाद मुळातच परका वाटावा. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातूनच त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः वाचकांपर्यंत पोहोचल्या. संपादक आणि कादंबरीकार ही एकाच माणसाची दोन कामे होती.

कार्यशाळेबाबत माझी एकच हरकत आहे. ती संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत ठेवलेली आहे. दैनिकात याच वेळी बातम्या लिहून द्यायच्या असतात, उपसंपादकांची पाने लागत असतात आणि पहिल्या आवृत्तीची घाई सुरू झालेली असते. वाहिन्यांमध्येही हीच धांदलीची वेळ. म्हणजे जे लोक अशा कार्यशाळेसाठी खरोखर पात्र आहेत, तेच तिला येऊ शकणार नाहीत. ही अडचण या एका कार्यक्रमापुरती नाही. क्लबाचे बहुतेक साहित्यिक कार्यक्रम संध्याकाळी असल्याने श्रोत्यांत निवृत्त ज्येष्ठ, प्राध्यापक आणि माझ्यासारखे सहयोगी सभासद अधिक, आणि चालू नोकरीतले बातमीदार फार थोडे, असे चित्र कायमचे झाले आहे. ज्येष्ठांच्या उपस्थितीबद्दल आदरच आहे. पण पत्रकारांच्या क्लबाने कार्यक्रमाची वेळ ठरवताना पत्रकारांच्या ड्युटीचे वेळापत्रक विचारात घेऊ नये, ही गंमतच म्हणायची. सकाळी ११ ची वेळ पत्रकार परिषदांसाठी राखलेली असते हे मान्य. दुपारी १ ते ३ सभागृह बहुधा रिकामेच असते.

३ मे चा कार्यक्रम स्वतंत्र उल्लेखाला पात्र आहे. नामिबियातील विंडहोक येथे आफ्रिकी पत्रकारांनी १९९१ मध्ये जे घोषणापत्र स्वीकारले, त्याच्या तारखेवरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्ये हा दिवस जाहीर केला. युनेस्कोचा वृत्तपत्र स्वातंत्र्य पुरस्कार याच दिवसाशी जोडलेला असून तो गिल्येर्मो कानो यांच्या नावाने दिला जातो. कोलंबियातील ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकाचे हे संपादक अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध लिहीत राहिले आणि डिसेंबर १९८६ मध्ये बोगोता येथे दैनिकाच्या कचेरीबाहेरच त्यांची हत्या झाली. यंदा क्लबाने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रकारांच्या लेखनाचे अभिवाचन ठेवले आहे. वाचणारे सभासदच आहेत, नटमंडळी नाहीत, ही चांगली गोष्ट; बातमीच्या कोरड्या आवाजात वाचलेला असा मजकूर अधिक परिणाम करतो. परंतु अभिवाचनाआधी तीन मान्यवरांची भाषणे लावली आहेत आणि त्यांना वेळेची मर्यादा नाही. त्यामुळे मुख्य कार्यक्रम सुरू होईपर्यंत रात्रपाळीचे लोक उठून गेलेले असतील.

व्यासपीठावर कोणाला बोलवायचे, हा निर्णय क्लबांना कधी कधी महागात पडतो, याचीही आठवण या दिवशी व्हायला हरकत नाही. हाँगकाँगमधील परदेशी पत्रकारांच्या क्लबाने ऑगस्ट २०१८ मध्ये हाँगकाँग चीनपासून स्वतंत्र व्हावे असे म्हणणाऱ्या पक्षाच्या एका नेत्याचे भाषण ठेवले. ते होऊ नये म्हणून चीनच्या परराष्ट्र खात्याकडून आग्रह झाला, तरी क्लबाने कार्यक्रम पार पाडला, आणि अध्यक्षस्थानी असलेले क्लबचे उपाध्यक्ष व्हिक्टर मॅलेट यांच्या व्हिसाचे नूतनीकरण पुढे ऑक्टोबरमध्ये नाकारण्यात आले. याच्या तुलनेत आमच्या पत्रिकेतील वक्त्यांची यादी फारच सोवळी आहे. ज्याच्यामुळे कोणाचा फोन येईल, असे एकही नाव तीत मला दिसले नाही.

वृत्तछायाचित्रांचे प्रदर्शन मागील वेळी पाहिले असल्यामुळे एक सूचना करावीशी वाटते. छायाचित्रे उत्तम होती, पण कित्येकांखाली केवळ शीर्षक होते. तारीख नव्हती, ठिकाण नव्हते आणि काहींखाली छायाचित्रकाराचे नावही नव्हते. एका चित्रात पुराच्या पाण्यातून डोक्यावर शिलाई यंत्र घेऊन निघालेली बाई होती आणि खाली ‘जिद्द’ एवढा एकच शब्द. ती कोण, पूर कोणत्या वर्षीचा, हे सांगितले नाही तर वृत्तछायाचित्राचे भिंतीवरचे शोभेचे चित्र होते. यंदा छायाचित्रकार स्वतः दालनात थांबणार असल्याचे पत्रिकेत म्हटले आहे, तेव्हा ही माहिती निदान तोंडी विचारता येईल.

भाषांतरावरील चर्चेत मूळ लेखक आहे पण भाषांतरकार नाही, यावर अधिक काही लिहिण्याची गरज नाही. स्नेहमेळावा आणि आरोग्य तपासणी हे सभासदांच्या सोयीचे उपक्रम आहेत. अनियमित जेवण आणि जागरणे ज्यांच्या पाचवीला पुजलेली आहेत, त्यांनी तपासणी टाळू नये, आणि ती सकाळी असल्यामुळे टाळायला निमित्तही नाही. स्नेहमेळाव्यात मुलांसाठी वृत्तपत्र तयार करण्याची स्पर्धा आहे. कॅरमच्या सामन्यांपेक्षा ती पाहण्यासारखी असेल.

नावनोंदणीची व्यवस्था पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाली आहे. ऑनलाइन अर्ज भरल्यावर लगेच पोच मिळते, आणि सभासदासोबत एका पाहुण्याला प्रवेश आहे. कार्यशाळेच्या जागा मर्यादित असल्याने तिची नोंदणी आधी करावी. वार्तालाप, जूनमधील चर्चा आणि अभिवाचन यांसाठी मी नाव नोंदवले आहे. ३ मे ला मात्र दिलेल्या वेळेनंतर तासाभराने जाण्याचा विचार आहे. कार्यक्रमांची ध्वनिचित्रमुद्रणे नंतर उपलब्ध होतात खरी, परंतु आजवरच्या मुद्रणांत भाषणे आणि आभार ठेवून प्रश्नोत्तरांचा भाग कापलेला आढळतो. तो ठेवावा अशी लेखी विनंती मी कार्यकारिणीला केली आहे. या पत्रिकेत त्याविषयी काही म्हटलेले नसल्यामुळे, ज्यांना प्रश्नोत्तरे ऐकायची आहेत त्यांनी मुद्रणावर विसंबून न राहता सभागृहातच यावे आणि शक्यतो मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरावी, कारण माइक तेथूनच फिरतो.