पिल्लाची लस: सरकारी दवाखाना, खासगी क्लिनिक की घरी येणारे डॉक्टर?

पहिल्या वर्षाचं लसीकरण एका सुईत संपत नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाला जपतात, पण तीच लसही निकामी करतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणून कुत्र्याच्या पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डिस्टेंपर आणि पार्वो या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांवरची एकत्रित लस लागते. मांजरीच्या पिल्लाला ट्रायकॅट (तीन विषाणूंवरची एकत्रित लस) तशाच अंतराने. रेबीजची लस दोघांनाही १२ आठवड्यांनंतर, मग वर्षाने बूस्टर. म्हणजे पुढचे काही महिने पुन्हा पुन्हा जाणं होईल, असंच ठिकाण निवडा.

पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना सर्वांत स्वस्त. श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतात, श्रेणी २ मध्ये बहुधा पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे पदवी नसलेले प्रशिक्षित कर्मचारी. जाण्याआधी हे विचारून घ्या. गावाकडे डॉक्टर जनावरांच्या कॉलवर गेलेले असू शकतात, तेव्हा फोन करूनच निघावं. एकत्रित लस तिथे नसेल तर बाहेरून आणायला सांगतात, आणि गडबड होते ती इथेच. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. पिशवीत घालून उन्हातून आणलेली कुपी दिसायला ठणठणीत असते, आतली लस मेलेली असू शकते. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, पण कुपी कापडात गुंडाळा: रेबीजची लस गोठली तरी वाया जाते.

खासगी क्लिनिकमध्ये पैसे जास्त पडतात, पण पहिल्या वर्षासाठी आमची पसंती त्यालाच, कारण सुईच्या आधी तपासणी होण्याची शक्यता तिथे जास्त. वजन, ताप (कुत्रा-मांजराचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असणं नेहमीचं), हिरड्यांचा रंग, कान, हृदयाचे ठोके, गोचिडी. ताप किंवा जुलाब असतील तर लस पुढे ढकलायची असते. तपासणी न करता थेट सुई टोचणारं क्लिनिक कितीही चकचकीत असो, बदला. भुकटीची कुपी तुमच्यासमोर विरघळवावी, लगेच टोचावी, आणि बॅच क्रमांकाचा स्टिकर कार्डावर लावावा. पिल्लू लहान म्हणून 'अर्धा डोस पुरे' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. लसीचा डोस वजनावर ठरत नाही. धोका एकच, पण मोठा: पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. रांगेत पिल्लू मांडीवरच ठेवा.

मांजरीसाठी मात्र घरी येणारे डॉक्टर बरे. पिंजरा, रिक्षा, शेजारी भुंकणारा कुत्रा यांनी घाबरलेल्या मांजरीचे ठोके आणि रक्तातली साखर दोन्ही वाढतात, मग तपासणीवर भरवसा कसा ठेवणार? त्यांची बर्फाची पेटी उघडून पाहायला लाजू नका. लस टोचल्यावर तोंड सुजणं, उलट्या, धाप असा त्रास क्वचितच होतो, पण झाला तर मिनिटांत बळावतो. अशा वेळी टोचायचं अ‍ॅड्रेनालिन सोबत आहे का विचारा आणि डॉक्टरांना अर्धा तास थांबवून घ्या.

६ जुलैच्या जागतिक झुनोसिस (प्राण्यांकडून माणसांना होणारे रोग) दिनाला किंवा २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला होणारी मोफत शिबिरं मोठ्या, निरोगी कुत्र्याच्या वार्षिक रेबीज बूस्टरसाठी उत्तम. पण तिथे मिळते ती फक्त रेबीजची लस. 'शिबिरात टोचून आणलंय' म्हणून पार्वो आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग) यांच्या लसी राहून जातात. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्याआधी लेप्टोचा डोस हवाच. पहिल्यांदा ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन, मग दरवर्षी एक.

सात वर्षांपुढच्या जनावराला मात्र शिबिर पुरत नाही. सहा महिन्यांनी तपासणी आणि मूत्रपिंडासाठी रक्ताची चाचणी हवी, त्यासाठी प्रयोगशाळेची सोय असलेलं क्लिनिकच गाठा.

पुढे कुत्रा-मांजर युरोपात न्यायचं असेल तर आधी १५ अंकी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर ती लस धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी प्रतिपिंडांची रक्तचाचणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. तिकीट त्या हिशेबाने काढा.