फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिका आडवी पार करताना: आय-८०, आय-४० की आय-१०?

पश्चिम किनाऱ्याकडून पूर्वेकडे गाडीने जायला हे तीन सरळ इंटरस्टेट महामार्ग (नावातला ‘आय’ त्याचाच) आहेत: वरचा आय-८०, मधला आय-४० आणि खालचा आय-१०. उन्हाळ्यात जवळचा पडेल तो धरावा. हिवाळा सरता सरता मात्र मैल मोजत बसू नका. रस्ता बंद झाला तर कुठून वळता येईल, ते आधी बघा.

आय-८० इथेच मार खातो. सुरुवातीलाच कॅलिफोर्नियातली डॉनर समिट ही खिंड, ७,२०० फुटांच्या वर. तिथे ‘आर-२’ (बर्फातल्या चेनच्या नियमाची दुसरी पातळी) लागू झालं की चारही स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या सोडून बाकीच्यांना टायरवर चेन (बर्फात पकड देणारी साखळी) चढवाव्याच लागतात, आणि ज्यांना सूट आहे त्यांच्याही डिकीत चेन हवी. चेन टायरवरच्या मापाची (उदा. २२५/६५ आर १७) घ्या आणि निघण्याआधी कोरड्या जागी एकदा लावून बघा. फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर ती पुढच्या चाकांना. लावल्यावर वेग ताशी २५-३० मैलच.

पण डॉनर परवडला. खरी अडचण वायोमिंगमध्ये, रॉलिन्स ते लॅरमी या टप्प्यात. तिथे नवा बर्फ पडायचीही गरज नसते. आधीच पडलेला भुसभुशीत बर्फ वारा रस्त्यावर आडवा उडवतो आणि वर निळं आकाश असताना पुढचा ट्रक दिसत नाही. मग गेट पडतं, म्हणजे रस्ता बंद. बाजूने जाणारा यूएस-३० सुद्धा अशा वेळी बहुतेकदा बंदच असतो, आणि गावातली मॉटेलं भराभर भरतात.

आय-४० काही सपाट नाही. फ्लॅगस्टाफजवळ तोही ७,३३५ फुटांवर चढतो. पण त्याला दोन पळवाटा आहेत. फ्लॅगस्टाफहून आय-१७ ने फिनिक्सला उतरता येतं, आणि अल्बुकर्कीहून आय-२५ ने साधारण २२५ मैलांवर लास क्रूसेसला आय-१० गाठता येतो. पुढे अमॅरिलो ते ओक्लाहोमा सिटी ‘फ्रीझिंग रेन’चा (पडताच गोठणाऱ्या पावसाचा) इशारा असेल तर निर्णय अल्बुकर्कीतच घ्या. काचेसारख्या बर्फावर फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हलवून देते, थांबवून देत नाही. पुढे टेनेसी-नॉर्थ कॅरोलायना सीमेवरचा घाटरस्ता सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात खचला होता आणि मार्च २०२५ मध्ये एकेका लेनने उघडला. तिथली सध्याची स्थिती निघण्याआधी तपासा.

आय-१० वर बर्फ क्वचित, कंटाळा भरपूर. एकट्या टेक्सासात ८८० मैल! न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गजवळ वसंतात धुळीची वादळं उठतात. त्यात सापडलात तर रस्त्यापासून जमेल तितकं लांब थांबा, दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. नाहीतर तुमचे मागचे दिवे बघून मागचा ड्रायव्हर रस्ता समजून अंगावर येतो.

तारखा बदलता येत नसतील तर आय-१०. एक-दोन दिवस हाताशी असतील तर आय-४०. आय-८० तेव्हाच, जेव्हा जायचं ठिकाणच उत्तरेत आहे.

वादळंही साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडेच सरकतात. म्हणजे पूर्वेला जाताना तुम्ही त्यांच्या मागोमाग असता. एक रात्र जास्त मुक्काम केला की ते पुढे निघून जातं आणि रस्ते साफ करणाऱ्यांनाही वेळ मिळतो.

टायरची हवा रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की सुमारे १ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) कमी होते. ७० वरून १० वर आलात तर ६ गेलीच. आणि काच धुण्याचं उन्हाळी पाणी काढून उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं भरा. उन्हाळी पाणी नळीत गोठलं की मीठ-चिखलाने माखलेल्या काचेतून काहीच दिसत नाही.