नऊ महिने शॉपवर वापरल्यावर: हा फोन धंद्याला चालतो का?

गेल्या खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून हा फोन घेतला. आता आषाढ लागलाय. नऊ महिन्यांत दिवाळीची गडबड, मार्चअखेर, एप्रिल-मेचं ऊन आणि पावसाची सुरुवात एवढं सगळं या फोनने बघितलं, म्हणून आता लिहायला बसलो.

आधी आमचं काम सांगतो, म्हणजे मी कुठल्या नजरेनं लिहितोय ते कळेल. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यांतून) बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग येतात, आम्ही ती सीएनसी-व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांवर मापात कापून, म्हणजे मशीनिंग करून, पुढे पाठवतो. फोन माझ्या हातात सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत असतो आणि त्यातला निम्मा वेळ तो हात स्वच्छ नसतो.

घ्यायच्या आधी घरात आठ दिवस वाद चालला होता. धाकट्या भावाचं म्हणणं, धंद्याला फोन घ्यायचा तर वरच्या रेंजमधलाच. "दादा, पार्टी आल्यावर आधी टेबलावरचा फोन बघत्यात," असं तो अजूनही म्हणतो. आप्पांचा तर बटणाचा फोनच बरा, एवढ्यावर मुद्दा संपतो. मी मधला मार्ग धरला: ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, ५,५०० एमएएचची बॅटरी, आयपी६४ आणि किंमत २७,९९९ रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुरुस्तीच्या वेळी मला जो त्रास झाला तो एका ठिकाणचा आहे, त्यावरून सगळ्या कंपनीला नावं ठेवणं बरं नाही. शिवाय या किमतीतल्या बहुतेक फोनांना खालचं बरंचसं लागू पडेल.

खरेदीतलीच एक गोष्ट, कारण ती बरेच जण विसरतात. बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटी नंबर टाकून घ्या. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. २७,९९९ मध्ये कराचे ४,२७१ रुपये येतात, आणि फोन धंद्यासाठीच असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) असाल तर मिळत नाही. दुकानात आधी सांगावं लागतं, एकदा साधं बिल फाडलं की मग बदलून द्यायला कटकट करतात.

आता मुख्य गोष्ट. फोन धंद्याचा आहे का, हे अडल्या वेळी कळतं. माझी अशी पहिली वेळ डिसेंबरात आली. होसूरला माल जायचा होता. ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, संध्याकाळीच काढून अकाउंटंट घरी गेलेला. रात्री अकरा वाजता ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी बदलली, म्हणजे बिलाच्या पार्ट-बी या गाडीच्या माहितीच्या भागात नवा गाडी नंबर टाकल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. मी आणि एक ऑपरेटर पॅकिंग संपवत होतो. फोन हातात घेतला, स्क्रीनवर अंगठा ठेवला. नाही ओळखला. शर्टाला पुसून परत ठेवला. नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नाही, आणि मग त्याने "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हणून थांबवलं. अंगठ्याच्या रेघांत बिडाची काळी पूड आणि कूलंट (मशीन थंड ठेवायचं तेलकट पाणी) बसलेलं असतं, ते नुसतं पुसून जात नाही. शेवटी पिन टाकून फोन उघडला आणि ब्राउझरमधून ई-वे बिलाच्या पोर्टलवर गेलो. १ एप्रिल २०२५ पासून लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी सक्तीचा आहे, त्यामुळे ओटीपीची वाट बघितली, बारीक कॅप्चा दोन बोटांनी मोठा करून वाचला आणि नंबर बदलला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून फाटकाशी उभा होता. पंधरा मिनिटं गेली. त्यातली सात-आठ नुसती फोन उघडण्यात.

यात फोन बिघडलेला नव्हता, सेन्सरची जातच तशी. या फोनमध्ये स्क्रीनखाली ऑप्टिकल सेन्सर आहे. तो उजेड पाडून बोटाचा एक प्रकारे फोटोच काढतो. काळ्या, तेलकट बोटाचा फोटो काय येणार? बाजूच्या बटणात बसवलेला सेन्सर वेगळ्या पद्धतीने चालतो आणि माझ्या जुन्या फोनवर तो कधी एवढा रुसला नव्हता. महागड्या फोनांत ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर येतो, भावाच्या फोनात तोच आहे. त्याच्यावर मी माझाच काळा अंगठा नोंदवून बघितला, दहापैकी सात-आठ वेळा उघडला. या एका मुद्द्यावर भाऊ बरोबर ठरला आणि मी ते त्याला सांगितलं. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला ही अडचण कधीच येणार नाही. पण फाउंड्री, गॅरेज, गुऱ्हाळ, रंगकाम अशा ठिकाणी काम असेल तर दुकानात सेन्सर कुठे आहे ते आधी बघा, कॅमेरा नंतर.

आवाजाच्या बाबतीत मात्र फोनने मन जिंकलं. शॉपमध्ये तीन मशीन चालू असताना समोरच्याचं बोलणं मला कळतं आणि माझं त्याला. जुन्या फोनवर "बाहेर जाऊन बोला" हे वाक्य दिवसात दहा वेळा ऐकायचो. आमची शेड पत्र्याची, आत रेंज जेमतेम एक काडी. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केल्यापासून आतला कॉल तुटत नाही. ही सोय बहुतेक नव्या फोनांत असते, पण बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ती बंदच पडलेली असते.

कॉल रेकॉर्डिंगसाठी फोन घेणार असाल तर थांबा. यात गुगलचा डायलर आहे आणि रेकॉर्डिंग चालू केलं की ते दोघांनाही मोठ्याने सांगतो. दुसरं ॲप टाकून चालत नाही, कारण २०२२ पासून गुगलने तशा ॲपची वाट बंद केली आहे. मला सुरुवातीला हे खटकलं होतं. रेट तोंडी ठरतात आणि नंतर "मी असं बोललोच नव्हतो" होतं. आता फोन ठेवला की लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवतो, "आत्ता बोलल्याप्रमाणे इतके नग, इतका रेट, इतक्या तारखेला." समोरून "ओके" आलं की विषय संपला. रेकॉर्डिंगपेक्षा हे बरं, आणि समोरच्याचा विश्वासही जात नाही.

कॅमेऱ्याबद्दल लोक रात्रीचे फोटो आणि सेल्फी विचारतात. मला त्यातलं काही सांगता येणार नाही. मी फोटो काढतो ते ब्लोहोलचे, म्हणजे ओतताना वायू अडकून कास्टिंगमध्ये राहिलेल्या भोकांचे. फेब्रुवारीत एका लॉटमधल्या ४० नगांना फेस मशीनिंग केल्यावर (वरचा थर कापून सपाट केल्यावर) बारीक भोकं दिसायला लागली. अशा वेळी दोष कास्टिंगचा की मशीनिंगचा, यावर वाद ठरलेला, आणि मशीनिंगचे पैसे कुणी सोसायचे हा त्यातला खरा प्रश्न. मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून, फोटो काढला. भोकाच्या आतली गुळगुळीत, चकचकीत भिंत अगदी स्पष्ट आली. वायू अडकून झालेल्या भोकाची तीच खूण, टूलने असं भोक पडत नाही. शेजारी व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) धरून दुसरा फोटो, कास्टिंगवर उठावाने आलेल्या हीट नंबरचा, म्हणजे कुठल्या ओतणीतला माल ते सांगणाऱ्या नंबरचा, तिसरा. तिन्ही पाठवले आणि फाउंड्रीवाल्यांनी दुपारी माणूस पाठवून माल उचलला, मशीनिंगचे पैसे त्यांच्या खात्यावर टाकायचंही मान्य केलं. एरवी याला आठवडा जातो आणि संबंध बिघडतात ते वेगळंच. फक्त असे फोटो साधे पाठवू नका, व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि नेमकी भोकाची कडा पुसट होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ड्रॉइंग वाचायला ६.७ इंची स्क्रीन पुरते. टॉलरन्स (मापात किती फरक चालतो तो आकडा) बघायला मोठं करावं लागतं, पण मशीनजवळ उभं राहून एखादं माप तपासायला प्रिंट शोधत बसावं लागत नाही. उन्हात अंगणात उभं राहूनही दिसतं.

बॅटरी पहिले सहा महिने रात्रीपर्यंत आरामात गेली, आता साडेआठला वीस टक्क्यांवर येते. मेमध्ये गाडीच्या काचेजवळ चार्जिंगला लावला की तो तापून चार्जिंगच थांबवायचा. चूक माझी होती, लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. आता गाडीत एसीच्या झोताजवळ ठेवतो आणि ऑफिसात चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावली आहे.

पावसाचंही सांगतो, कारण शिरोलीकरांना तो प्रश्न पडणारच. आयपी६४ म्हणजे धूळ आत जात नाही आणि शिंतोडे सोसतो, एवढंच. पाण्यात बुडाला तर जबाबदारी नाही. त्यासाठी ६७ किंवा ६८ लागतं, आणि तेही स्वच्छ पाण्यातल्या चाचणीचं असतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा पसरली तेव्हा इथला महामार्ग बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा लागला की आमच्याकडे माल वर उचलायची घाई सुरू होते. तशा दिवसांत मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर पडणार. धुळीचं मात्र खरं निघालं, नऊ महिन्यांत बिडाची पूड स्पीकरच्या जाळीत बसली तरी आत काही गेलेलं नाही.

घरचा आणि धंद्याचा नंबर एकाच फोनमध्ये ठेवून दोन व्हॉट्सॲप चालवतो, धंद्याला बिझनेसवालं. लेबल लावायची सोय उपयोगाची आहे. "पैसे येणे" असं एक लेबल केलंय आणि रोज सकाळी चहाबरोबर तेवढंच उघडतो. अँड्रॉइड १५ मधली प्रायव्हेट स्पेस, म्हणजे फोनमधली वेगळी कुलूपबंद जागा, वापरून बघितली. बँकेची ॲप तिथे ठेवली आहेत, म्हणजे मुलाच्या हातात फोन गेला तरी काळजी नाही. धंद्याचं व्हॉट्सॲप मात्र तिथे ठेवू नका. ती जागा लॉक झाली की आतली ॲप थांबतात आणि निरोप आल्याचं कळतच नाही. माझा एका पार्टीचा अर्जंट निरोप असाच चार तास पडून होता.

आता जूनमधली गोष्ट, जिच्यामुळे माझं मत खरं तयार झालं. एका सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उमटली, दुपारपर्यंत तीन झाल्या. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता. सर्व्हिस सेंटरला गेलो. वॉरंटीत बसतंय म्हणाले, पण डेटा पुसून द्या, दोन दिवस लागतील. दोनाचे नऊ झाले. रोज विचारायचं आणि रोज "पार्ट यायचाय". तारीख लिहून मागितली तर दिली नाही. एवढ्या किमतीचा फोन विकताना पाच मिनिटांत पावती होते, मग दुरुस्तीला तारीख का देता येत नाही, याचा मला अजून राग आहे.

ते नऊ दिवस कसे गेले ते लक्ष देऊन वाचा. जुना फोन घरात होता म्हणून सिम त्यात घातली आणि बँकेचे, पोर्टलचे ओटीपी सुरू झाले. यूपीआय फोनशी आणि सिमशी बांधलेलं असतं, त्यामुळे नव्याने नोंदणी करावी लागली आणि पहिल्या २४ तासांत पाच हजारांच्या वर पाठवता येईना. दिवस नेमका शनिवार, कामगारांची उचल द्यायची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नेटबँकिंगने एनईएफटी केली आणि सगळ्यांना संध्याकाळी घरी जाताना पैसे मिळाले. व्हॉट्सॲप कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. मूळ फोन बंद असला तरी ते १४ दिवस चालतं, म्हणून तिथूनच काम केलं. फोन परत आल्यावर बॅकअपमधून सगळं परत मिळालं. तो बॅकअप आता गुगलच्या फुकट १५ जीबीतच मोजला जातो. मार्चमध्ये जागा भरली होती, तेव्हा मी महिन्याचे पैसे भरून ती वाढवली होती. त्या वेळी कंटाळा केला असता तर मार्चपासूनचे सगळे रेट, ड्रॉइंग आणि "ओके" गेले असते.

भावाशी परत वाद झालाच. त्याचं म्हणणं, महागडा असता तर बिघडला नसता. मला ते पटत नाही, रेघ कुठल्याही स्क्रीनवर येते. पण त्याचा दुसरा मुद्दा वजनदार आहे. काही कंपन्यांनी वरच्या फोनांना सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून. माझ्या फोनला त्याहून कमी वर्षं मिळणार, आणि अँड्रॉइड जुनं झालं की बँकेची ॲप चालायची बंद होतात. त्याच्या फोनच्या किमतीत माझे जवळजवळ तीन येतात, म्हणून मी अजून माझ्या हिशेबावर आहे. मात्र ज्याला डोक्याला ताप नको आणि सात वर्षं तोच फोन ठेवायचाय, त्याने भावाचं ऐकावं.

पुढच्या आठवड्यात सुपरवायझरसाठी एक फोन घ्यायचाय. याच किमतीचा घेणार, फर्मच्या बिलावर, पण बोटाचा सेन्सर बाजूच्या बटणात असलेला. आणि माझा जुना फोन आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो. दर सोमवारच्या सुट्टीच्या आधी अकाउंटंट तो चार्ज करून ठेवतो, यूपीआय सोडून बाकी सगळं त्यात तयार आहे.