फुटलेल्या अणुकेंद्रकाचा हिशेब: एसएमएम, सीटीएम की जेमिनी?

दोन अणुकेंद्रके जोरात आदळली की तापलेले केंद्रक अनेक तुकड्यांत फुटते; याला बहुखंडन म्हणतात. त्याचा हिशेब करणारी तीन मॉडेल्स म्हणजे एसएमएम (स्टॅटिस्टिकल मल्टिफ्रॅगमेंटेशन मॉडेल), सीटीएम (कॅनॉनिकल थर्मोडायनॅमिकल मॉडेल) आणि जेमिनी हा संगणक-प्रोग्राम. मोजायचे काय आहे, हे आधी ठरवा, मॉडेल त्यावरून ठरेल. समस्थानिकांचे सरासरी उत्पन्न हवे असेल तर सीटीएम. एकाच टकरीतून निघालेल्या तुकड्यांचे परस्परसंबंध हवे असतील तर एसएमएम. आणि उत्तेजन ऊर्जा (केंद्रकाला मिळालेली जादा ऊर्जा) दर न्यूक्लिऑनमागे, म्हणजे दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे, २ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आत असेल तर दोन्ही बाजूला ठेवून जेमिनी घ्या.

अडचण मोजणीचीच आहे. १०० न्यूक्लिऑन गटांत वाटायचे १९,०५,६९,२९२ प्रकार होतात. २०० न्यूक्लिऑनचे जवळपास ३.९७ लाख कोटी. एसएमएम यातून माँटे कार्लोने, म्हणजे यादृच्छिक निवडीने, नमुने उचलते. प्रत्येक वाटणीत एकूण ऊर्जा जुळवून तापमान काढते, त्यामुळे तापमान वाटणीगणिक बदलते. सीटीएम तापमान पक्के धरते आणि नमुनेच घेत नाही. शून्य न्यूक्लिऑनचे विभाजन फलन (सर्व शक्य अवस्थांची भारित बेरीज) १ धरायचे; मग पुढच्या प्रत्येक आकारासाठी पहिला तुकडा १ चा, २ चा, ३ चा असे धरत, तुकड्याचा आकार, त्याचे स्वतःचे फलन आणि उरलेल्या न्यूक्लिऑनचे आधीच काढलेले फलन यांचे गुणाकार बेरजेत घ्यायचे आणि एकूण आकाराने भागायचे. एकाच जातीचे २०० न्यूक्लिऑन असतील तर सुमारे २० हजार पदांत अचूक उत्तर मिळते. प्रोटॉन-न्यूट्रॉन वेगळे धरले तर काम वाढते, तरी साध्या संगणकाला झेपते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे दास गुप्ता आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी या सायक्लोट्रॉन केंद्रातील संशोधक यांनी ही पद्धत बरीच पुढे नेली आहे.

सीटीएम स्वतः लिहिताना हमखास होणारी चूक: तापमान ३ एमईव्हीच्या आसपास उतरले आणि स्रोत (फुटणारे केंद्रक) २०० न्यूक्लिऑनपर्यंत गेला की फलन संगणकातील नेहमीच्या संख्यांची १० च्या ३०८ व्या घाताची मर्यादा ओलांडते आणि उत्तरात अनंत येते. फलनाचा लॉगॅरिदम साठवा.

गोठण-आकारमान (तुकडे एकमेकांपासून सुटतात त्या क्षणीचे आकारमान) एसएमएम आणि सीटीएम दोन्हीकडे हाताने द्यावे लागते, सामान्य आकारमानाच्या ३ ते ६ पट. ते आणि तापमान एकदम सैल सोडून फिट करू नका. एकाची चूक दुसरे झाकते. तुकड्यांच्या जागा खरोखर मांडून कूलॉम्ब ऊर्जा (विद्युत प्रतिकर्षणाची ऊर्जा) काढणारे बर्लिनचे एमएमएमसी हे मॉडेल अधिक काटेकोर आहे, पण संथ.

जेमिनी तुकडे एकामागून एक, दोन-दोन करून काढते, गोठण-आकारमान लागत नाही. मात्र दर न्यूक्लिऑनमागे ५ एमईव्ही उत्तेजनाच्या पुढे दोन फुटींमधला वेळ इतका कमी पडतो की मध्ये केंद्रक स्थिरावते, हे गृहीतकच उरत नाही.

मॉडेलच्या निवडीपेक्षाही निकाल जास्त बिघडतो तो स्रोत चुकीचा दिल्याने. झेनॉन-कथील टक्कर ५० एमईव्ही दर न्यूक्लिऑनची घ्या. वस्तुमान-केंद्र चौकटीत त्यातले १२.५ एमईव्हीच उरतात. त्यातूनही समतोलाआधी निसटलेले कण आणि बाहेरच्या दिशेचा प्रवाह वजा व्हायला हवा. संपूर्ण १२.५ एमईव्ही उत्तेजन म्हणून भरले तर तुकडे फार बारीक होतात, आणि मग आकारमान ओढून-ताणून जुळवायची पाळी येते.

दुसरी गोष्ट म्हणजे दुय्यम क्षय, म्हणजे गरम तुकड्यांचे पुढे आणखी फुटणे. गरम तुकड्यांची यादी थेट प्रयोगाशी लावू नका. एसएमएममध्ये १६ न्यूक्लिऑनपर्यंतच्या तुकड्यांना फर्मी विघटन (एकदम लहान तुकड्यांत फुटणे) आणि त्यावरच्यांना बाष्पीभवन (एकेक कण बाहेर पडणे) लावतात. कथील-१२४ आणि कथील-११२ या जोडीत ५ एमईव्ही तापमानाला सममिती-गुणांक (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या असमतोलाची ऊर्जा-किंमत) २५ एमईव्ही धरला तर आयसोस्केलिंगचा अल्फा (दोन स्रोतांच्या समस्थानिक-उत्पन्नांचे गुणोत्तर न्यूट्रॉनसंख्येबरोबर किती वेगाने बदलते, तो आकडा) ०.७३ येतो, १५ धरला तर ०.४४. क्षयानेही हा आकडा हलतो, म्हणून गुणांक काढण्याआधी क्षय चालवाच.

कणांचा पदार्थातला प्रवास दाखवणारे जिअँट४ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी एक तपासा: अलीकडच्या आवृत्त्यांत बहुखंडनाचा ऊर्जा-उंबरठा मुळातच इतका उंच ठेवलेला असतो की एसएमएम चालतच नाही. तो ३ एमईव्ही दर न्यूक्लिऑनच्या आसपास आणल्याशिवाय तुलना करू नका.