पर्जन्यमापक: साधे की स्वयंचलित?

मुंबईत गच्चीवर पाऊस मोजू पाहणाऱ्या हौशी निरीक्षकाने आधी साधे, नरसाळ्याचे पर्जन्यमापक घ्यावे, असे माझे मत आहे. रोज सकाळी साडेआठला साठलेले पाणी मोजनळीत ओतून, डोळा पातळीच्या रेषेत आणून आकडा वाचला की झाले. सर नेमकी कधी कोसळली, हे मात्र त्यातून कळत नाही. ते स्वयंचलित यंत्र सांगते, आणि समुद्राला भरती असताना पावसाचे पाणी तुंबते, म्हणून तीच माहिती मोलाची असते. परंतु त्यातले इवलेसे पात्र भरले की कलंडते आणि किती वेळा कलंडले यावरून पाऊस मोजला जातो; ते कलंडत असतानाही पाणी पडतच राहते, त्यामुळे मुसळधार पावसात नोंद कमी भरते; शिवाय कबुतरांची पिसे नरसाळ्यात अडकतात ते वेगळेच. यंत्र कोणतेही असो, आपल्या गच्चीवरचा पाऊस आपणच मोजावा, कारण एकाच शहरात तो जागोजागी वेगळा पडतो: २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्याला शंभराच्याही आत नोंद झाली होती.