८.२५ इंची स्केटबोर्ड, इंदूरचे रस्ते आणि पंचेचाळिशीतले गुडघे

निकाल आधीच देतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. डेक, म्हणजे पायाखालची फळी, उत्तम. ट्रक, म्हणजे फळीखाली चाकं धरणारे धातूचे भाग, चांगले, पण एकात खोट निघाली. बेअरिंग कामापुरती. चाकं मात्र आपल्या रस्त्यांसाठी नाहीत, बोर्ड मागवतानाच दुसरा सेट मागवा. आणि चाळिशी ओलांडली असेल तर बोर्डाच्या निम्मे पैसे तरी पॅड आणि हेल्मेटवर घाला.

मी पीथमपूरला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर असतो, त्यामुळे घरी आलेली वस्तूही मोजल्याशिवाय राहवत नाही. शाळेत असताना आतेभावानं मस्कतहून आणलेला एक अरुंद प्लास्टिकचा बोर्ड लोकमान्य नगरच्या गल्लीत झिजेपर्यंत चालवला होता. पुढे डिप्लोमा, नोकरी, संसार. मधली तीस वर्षं सोडून देऊ.

हा बोर्ड बंगळुरूच्या एका दुकानातून जुळवून आला. सात हजारांच्या आतबाहेर. दुकानाचं नाव देत नाही, कारण या किमतीत जे तयार बोर्ड मिळतात त्यांचे सुटे भाग थोड्याफार फरकानं असेच असतात. खेळण्यांच्या दुकानातले दीड-दोन हजारांचे बोर्ड या हिशेबात धरू नका. त्यांना ट्रक प्लास्टिकचे आणि चाकं पीव्हीसीची असतात. पोरगं ड्रॉइंगरूममध्ये बसून ढकलेल, एवढाच त्यांचा उपयोग. माणसाचं वजन पडलं की ते वळतही नाहीत आणि नीट घरंगळतही नाहीत.

आता डेक. मेपलचे सात थर. ट्रकच्या बोल्टांसाठी पाडलेल्या भोकात टॉर्च मारून मोजले. पाच थरांचे रेषे लांबीत, दोनांचे आडवे, म्हणून फळी लवचिकही राहते आणि मधोमध चिरतही नाही. जाडी चार ठिकाणी घेतली, अकरा मिलिमीटरच्या आसपास, फरक नगण्य. प्रेसिंग नीट झालंय, कडेला थर सुटलेले नाहीत. रुंदी ८.२५ इंच मुद्दाम घेतली. माझं बूट नऊ नंबरचं आणि वजन अठ्ठ्याहत्तर किलो. पोरांसाठीच्या साडेसात इंची फळीवर माझी टाच हवेत राहते. रुंद फळी उलटी फिरवायला थोडी जड, हे खरं. पण या वयात ती पायाखाली थांबणं जास्त महत्त्वाचं. टेलचा, म्हणजे फळीच्या मागच्या वर वळलेल्या टोकाचा, आवाज कडक आणि कोरडा येतो. काही महिने सिमेंटवर आपटून टेलची कड दीडेक मिलिमीटर घासली आहे, थर मात्र सुटलेले नाहीत. पास.

ट्रकच्या हँगरचं, म्हणजे चाकांचा दांडा (एक्सल) ज्यात बसतो त्या आडव्या भागाचं, कास्टिंग स्वच्छ होतं, पिनहोल दिसले नाहीत. पण मागच्या ट्रकचा एक्सल हँगरमध्ये सरकत होता. एका बाजूचं चाक नटाला घासायचं आणि दुसऱ्या बाजूचं भलतंच सैल राहायचं. हातोडीनं ठोकून तो जागेवर येतो, पण नव्या मालाला मी हातोडी का लावू? दुकानाला कळवलं तर उत्तर आलं, ‘सर, नट टाइट करून बघा.’ मग दोन्ही बाजूंची मापं घेतली, व्हर्निअर लावलेले फोटो पाठवले. त्यानंतर मात्र गप्प नवा हँगर आला, कुरियरचा खर्चही त्यांनीच सोसला. म्हणजे सर्व्हिस चांगली, फक्त पहिलं उत्तर सोडून. तुमच्याकडे बोर्ड आला की चाकं काढा, एक्सलचा दांडा दोन्हीकडून दाबून बघा. हलता कामा नये.

बुशिंग, म्हणजे ट्रकमधली रबरासारखी गोल कडी, कडक आली होती. मधला किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मुख्य बोल्टाचा, नट थोडा सैल केल्यावर बोर्ड वळायला लागला. बरेच नवशिके तो नट आवळून ठेवतात, बोर्ड डुगडुगू नये म्हणून. मग वळायचं तर प्रत्येक वेळी नोज, म्हणजे फळीचं पुढचं टोक, उचलावी लागते. थोडं डुगडुगू द्या. घोट्यांना तीच सवय हवी असते.

बेअरिंगबद्दल जरा सविस्तर, कारण इथे लोक फुकट पैसे उडवतात. डबीवर ‘एबेक-७’ असं ठसठशीत छापलेलं होतं. हा आकडा मापांच्या आणि फिरण्याच्या अचूकतेचा आहे. वेगात फिरणाऱ्या यंत्रांसाठी तो ठरवलेला आहे, उडी मारून आदळल्यावर बेअरिंग किती टिकेल याबद्दल तो काही बोलत नाही. हिशेब करू. ५३ मिलिमीटरच्या चाकाचा घेर सुमारे १६६ मिलिमीटर. ताशी १५ किलोमीटरनं गेलात तर चाक मिनिटाला पंधराशे फेरे मारतं. साधं ६०८ नंबरचं बेअरिंग तीस हजारांच्या वर फिरू शकतं. म्हणजे महागडा आकडा कुठेच लागत नाही. आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर, एका चाकात दोन, एकूण आठ. हे बेअरिंग स्केटबोर्डाच्या दुकानातूनच आलं पाहिजे असं अजिबात नाही. मी सियागंजात गेलो. काउंटरवरच्या माणसाला एबेक विचारल्यावर तो म्हणाला, ‘भिया, एबेक-वेबेक मेरे को नी मालूम. छे सौ आठ है, रबर सील वाला भी है. ले जाओ.’ रबर सीलवालं घ्या. आपल्याकडची धूळ पत्र्याच्या झाकणाला जुमानत नाही. आणि बोर्डाच्या दुकानानं दोन बेअरिंगच्या मधले स्पेसर, म्हणजे छोट्या नळ्या, दिलेच नव्हते. ते मात्र मागून घ्या, नाहीतर नट आवळला की बेअरिंगवर आडवा दाब येतो.

आता चाकं, म्हणजे तक्रारीचं मूळ. सोबत आली ती ५३ मिलिमीटरची, ९९ए कडकपणाची. स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर ही उत्तमच. सुदामा नगरातल्या सिमेंटच्या रस्त्यावर प्रत्येक जोड दातांपर्यंत पोहोचतो. वर खड्यांची भीती. स्वच्छतेत २०१७ पासून आमच्या शहराचा डंका आहे आणि रात्री झाडूही लागतो, मान्य. पण बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेला गिट्टीचा एकच खडा पुरतो. छोटं कडक चाक खड्यावर अडून थांबतं आणि तुम्ही थांबत नाही. म्हणून ६० मिलिमीटरची, ७८ए ची मऊ चाकं घेतली. फरक पहिल्याच ढकलीत कळला. खडखडाट गेला, बोर्ड लांबवर घरंगळायला लागला आणि शेजारच्या जोशीकाकूंचं ‘सकाळी सकाळी काय चाललंय’ बंद झालं.

मोठं चाक लावलं की वळताना ते फळीला घासतं आणि बोर्ड जागच्या जागी अडतो. त्यासाठी ट्रक आणि फळीच्या मध्ये तीन मिलिमीटरचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, हवा आणि रायझर आला की बोल्टही लांब लागतात. मूळ बोल्ट इंची आट्यांचे. आपल्याकडे तसे चटकन मिळत नाहीत, पण एम-५ चे तीस मिलिमीटरचे काउंटरसंक ॲलन बोल्ट, नायलॉक नटासकट, माझ्या फळीच्या भोकांत नीट बसले. सध्या रस्त्यासाठी मऊ आणि ट्रिकसाठी कडक चाकं अशी अदलाबदल करतो. अर्ध्या इंचाचा पाना असला की दहा मिनिटांचं काम. मऊ चाकांवर ट्रिक होत नाहीत असं नाही, पण ती उसळतात आणि बोर्ड जड होतो.

ट्रिकसाठी माझी जागा म्हणजे घराजवळच्या एका मॅरेज गार्डनचं पार्किंग. लग्नाचा सीझन नसला की चौकीदार आत सोडतो. अर्धं पार्किंग सिमेंटचं, अर्धं कोटा स्टोनचं. कोटा स्टोन दिसायला मोहक, पण घोटलेल्या फरशीवर कडक चाक सरकतं. नवशिक्यानं तिकडे फिरकू नये.

बहुतेकांच्या डोक्यात पहिली ट्रिक ऑली असते, म्हणजे हातानं न धरता बोर्डासकट मारलेली उडी. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडनं १९७८ च्या सुमारास बाउलच्या, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट स्केटपार्कच्या, भिंतीवर ती केली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलननं ती सपाट जमिनीवर आणली. आजच्या रस्त्यावरच्या ट्रिकांचा पाया तीच, हे खरं. पण मोठ्या वयात परत येणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी किकटर्न, म्हणजे टेलवर किंचित भार देऊन नोज उचलायची आणि वळायचं. मग टिक-टॅक: तीच नोज डावीकडे, उजवीकडे टेकवत पाय न ढकलता पुढे जायचं. कंबर आणि घोटे यात मोकळे होतात आणि पडलात तरी कमी उंचीवरून. मग मॅन्युअल, दोन चाकांवर तोल. यानंतर शव्हिट.

शव्हिटमध्ये बोर्ड पायाखाली अर्धा फिरतो, उलटा होत नाही. मागचा पाय टेलच्या खळग्यात, चवडा थोडा बाहेर. उडी सरळ वर आणि त्याच क्षणी मागच्या पायानं टेल मागे ओढायची. मला ते जमेना. बोर्ड दर वेळी पुढे पळायचा. वरच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा कठड्यावर बसून बघत होता. म्हणाला, ‘काका, तुम्ही खांदे फिरवताय. खांदे समोरच ठेवा, फक्त पाय मागे ओढा. आणि बोर्डाच्या मागून नका धावू, त्याच्या वर उडा.’ खांदे बांधून ठेवल्यागत धरले आणि बोर्ड पायाखाली येऊन थांबला. आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही ट्रेनरपेक्षा हा पोरगा नेमका बोलतो.

ऑली आता होते. कितपत? अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आडवा ठेवतो, दोन्ही टोकांना विटा लावून, म्हणजे गडगडत नाही. बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर. चारही चाकं न लागता पलीकडे गेली तर पास, लागली तर रिजेक्ट. रिजेक्शनचं प्रमाण सांगत नाही. इथे या डेकची खरी परीक्षा होते आणि तो उतरतो. टेल जमिनीला लागून लगेच उसळते, पुढचा पाय फळीवर चिकटवलेल्या ग्रिपटेपवर घासत वर जातो तेव्हा पकड सुटत नाही. ग्रिपटेप खरखरीत आहे, बुटाची करंगळीकडची बाजू खाऊन टाकते. त्यामुळे धावायचे जाड तळव्याचे बूट वापरू नका. त्यांत फळी पायाला कळतच नाही. सपाट तळ आणि वर स्वेड चामडं, असे बूट टिकतात. आणि काही जण ऑली गवतावर शिकायला सांगतात, ते मला पटत नाही. गवतात टेल आपटतच नाही, मग टायमिंग कशाचं शिकणार?

पॅडांचं आधी बोललो. मनगटाचे गार्ड सगळ्यात आधी घ्या, कारण पडताना माणूस हात पुढे टेकवतोच आणि सगळा भार मनगटावर येतो. गुडघ्याचे पॅड कडक कवचाचे हवेत, म्हणजे त्यांच्यावर घसरता येतं. नुसत्या स्पंजाचे जमिनीला धरून बसतात. हेल्मेटचा निर्णय माझ्या हातात नव्हता. ‘अहो, हेल्मेट घातल्याशिवाय गेटाबाहेर पाऊल टाकायचं नाही,’ हा घरचा हुकूम आहे.

कँटीनमध्ये चेष्टा होते. हे पोरांचं खेळणं, असं म्हणणाऱ्यांना मी पॅरिस सांगतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडॉनल्ड स्केटबोर्डिंगच्या पार्क प्रकारात उतरला तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. महिलांच्या पार्कमध्ये चीनची झेंग हाओहाओ होती ११ वर्षांची. आणि एवढं लांब कशाला जा, आपल्याच मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ पासून स्केटपार्क आहे. गावातली मुलं तिथे लीलया जे करतात ते पाहून माझ्या पाइपाची मला लाज वाटते.

देखभालीचं थोडक्यात. पावसाळ्यात बोर्ड माळ्यावर टाका. ओल लागली की मेपल फुगतं, टेलचा कडकपणा जातो तो परत येत नाही. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून हलक्या मशीन ऑइलचा एक-एक थेंब. ग्रीस भरू नका.

हा बोर्ड कुणी घेऊ नये? ज्यांना फक्त कॉलनीत फेरी मारायची आहे त्यांनी. त्यांनी सरळ मोठ्या मऊ चाकांचा लांब क्रूझर बघावा. ज्यांना खरंच ट्रिक शिकायच्या आहेत त्यांनी हा घ्यावा, आणि मऊ चाकं, रायझर, लांब बोल्ट, स्पेसर त्याच ऑर्डरमध्ये टाकावेत. मी रायझर नंतर वेगळे मागवले, तर कुरियरचे पैसे रायझरच्या किमतीहून जास्त लागले.